याकोब थोरला की एसाव

अहो,
मी परत चर्चमध्ये जातेय, संडे स्कूलची पुस्तकं वाटायची राहिलीत. मोठ्या मुलांना बायबलचा अख्खा अध्याय आणि प्रश्न, छोट्यांना नुसती चित्रं, असं शेवटी ठरलं.

याकोब आणि एसाव, त्या जुळ्या भावांची गोष्ट मी छोट्यांच्या गठ्ठ्यातून मुद्दाम काढली होती. का, ते तुम्हाला सांगायला नको. पण कार्ट्यांना चित्र सापडलंच! मग सांगावी लागली. "धाकट्या याकोबाने केसाळ एसाव वाटावं म्हणून कातडं पांघरून आंधळ्या बापाला फसवलं, थोरल्याचा आशीर्वाद लाटला," म्हटलं, तर तुमची पुतणी बोलादे ताडकन उठली.

"चूक, काकू! याकोब मागून जन्मला ना? मग आपल्या रीतीने तोच थोरला. जग कसंय ते बघायला त्याने एसावला पुढे धाडलं, माझ्या बाबांनी काकांना धाडलं तसं. आशीर्वाद त्याचाच होता, मग कातडं कशाला पांघरलं वेड्याने?"

केहिंदे भाऊजी तिला न्यायला दारातच उभे होते. मामंजींच्या घरावरून तुम्हा जुळ्या भावांचं बोलणं तुटल्यापासून आज पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तायवो संध्याकाळी असतो का घरी?" मी म्हटलं, "जेवायलाच या."

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं बघा. यामचे कंद उकडत ठेवा, कुटायला मी येतेच. आणि कुठे सटकू नका.

थोरल्याने तुम्हाला एकदा पुढे धाडलंच आहे. आजही फाटकापर्यंत तुम्हीच पुढे व्हा.

मोरेनिके