नारळ पडल्याचा आवाज

३ नोव्हेंबर, सकाळ
पेपरात शहरातल्या त्या खुनावर आज पुन्हा पानभर. बाई जिन्यात ओरडत होती, अख्खी बिल्डिंग पडद्याआडून बघत होती. दार एकानेही उघडलं नाही. शी! रत्नागिरीत हे होणे नाही. निदान मी असताना तरी. संकल्प: आजपासून कायम अलर्ट. शिट्टी विकत घेतली.

४ नोव्हेंबर
शेजारच्या आनंदीबाईंनी मागची खोली भाड्याने दिली. रितेश नावाचा पोरगा, हायवेच्या कामावर आहे म्हणे. गॉगल लावतो. म्हातारी एकटी, मुलगे मुंबईला. खून असेच होतात. कुसुमला सांगितलं, तर म्हणते, आधी सिलिंडर लावून द्या.

७ नोव्हेंबर
रितेशच्या हातात कोयती!! आनंदीबाईंना कुंपणावरून सावध केलं. म्हणाल्या, मीच दिली रे, नारळ सोलायला. भोळी बाई. शब्द दिला: नुसती हाक मारा, परशुराम हजर.

९ नोव्हेंबर, तिन्हीसांजा
शेजारी धप्प आवाज. नारळ. बहुतेक आमच्याच माडाचा, तो तिकडे झुकलाय. मग बाईंचा आवाज, परशुराम, परशुराम. नामस्मरण असणार, कोकण भगवान परशुरामाचंच. तरी पडदा जरासा सारून पाहिलं. काळोख. रितेश असला तर? कोयतीसकट? एकदम गेलो तर सावध होईल. शिट्टी सापडेना. कुसुम भजनाला. समोर सखारामच्या ओटीवर लाइट होता, तो बघेलच. आळीच्या ग्रुपवर टाकलं, कोणीतरी बघा. धडाधड अंगठे आले. हायसं वाटलं.

१० नोव्हेंबर
सकाळी नारळ आणायला गेलो. नाही! रितेशने लांबवला.
दुपारी: कुसुम सांगते, नारळ पडलाच नव्हता. आनंदीबाई चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या, खुबा मोडला. रितेश ड्युटीवरून आला, त्याने उचलून रिक्षात घातलं. म्हणजे रितेश घटनास्थळी होता. लक्षात ठेवलं पाहिजे.

१४ नोव्हेंबर
शहाळी घेऊन कुसुमबरोबर हॉस्पिटलात. रितेश बाईंना पेज भरवत होता. संशय येऊ नये म्हणून असं करतात. बाईंना खुलासा करणार होतो, तेवढ्यात बाईच कुसुमला सांगू लागल्या. पडल्या पडल्या तुमचा पडदा हललेला दिसला गो, इतका धीर आला. म्हटलं, परशुरामाने पाहिलंन, आता येतोच.
कुसुम माझ्याकडे बघत राहिली. मी शहाळं फोडायला बाहेर गेलो.
घरी आल्यावर तिने खिडकीचा पडदा काढला. धुवायला काढलास का, विचारलं. नाही म्हणाली.