मांडीतलं बोलणं

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. पत्र पाहून घाबरू नकोस. फोनवर मी तोंड उघडलं की तुला मीटिंग असते. पत्राला कसली मीटिंग सांगणार?

आधी माझी बातमी. मी नोकरीत कायम झाले. होय, तुझी टकळी आता पगार घेऊन दिवसभर गप्प बसते. आमच्या संशोधन केंद्रात बहिऱ्या माणसांच्या बोलण्याचे व्हिडिओ करतात आणि मी पडद्यापुढे बसून प्रत्येक खूण कुठे सुरू झाली, कुठे संपली ते टिपते. लोकांना अजून वाटतं, हे नुसते हातवारे. आमच्या संशोधक बाई म्हणतात, या भाषेत कुजबुज असते, ओरडणं असतं, लाडात येणंसुद्धा असतं. मी म्हटलं, बाई, हे मला सांगता? बहिऱ्या आईची लेक मी. आमच्याकडे भांडण रंगलं की आई खोलीतला दिवाच बंद करायची, म्हणजे शेवटचा शब्द तिचा. बाई हसून हसून बेजार झाल्या.

तर सध्या काम चाललंय ते कोण कुणाशी किती मोठे हात करून बोलतं यावर. त्यासाठी आईलाही बोलावलं होतं. काय नटून आली म्हणून सांगू! बाबांशी लग्न कसं ठरलं ते सांगताना हात पार डोक्यावर. एकदा तर कॅमेऱ्याच्या स्टँडलाच धक्का. मग बाईंनी मुलांचं विचारलं. माझ्याबद्दल भरभरून तक्रारी केल्या. तुझी गोष्ट निघाली आणि तिचे हात खाली गेले, थेट मांडीत. तू शाळेत पहिला आलास, तुला परदेशी नोकरी लागली, सगळं कौतुकाचंच, पण बोटं एवढीशी हलत होती, तीही पर्सच्या आड.

बाईंना वाटलं, दमली. मी आईला विचारलं, हात दुखतायत का? तर म्हणते, "नाही गं. त्याच्याबद्दल असंच बोलायचं. त्याला मोठं बोललेलं आवडत नाही."

दादा, मला शाळेचं फाटक आठवलं. तुलाही आठवत असेलच. तुझे मित्र बघत होते आणि आई लांबून हात उंच करून विचारत होती, डबा खाल्लास का. तू धावत आलास आणि तिचे दोन्ही हात धरून खाली दाबलेस. एवढंसं पोर तू, तुला काय दोष द्यायचा! पण तेव्हापासून तुम्ही दोघं तसेच बोलत आलात, टेबलाखाली, मांडीत. मला ते तुमचं गुपित वाटायचं आणि मी जळायचे. बाईंनी त्या भागापुढे "कुजबुज" अशी नोंद केली. मी त्या दिवशी पुढे काम करू शकले नाही.

आता मुद्द्यावर येते. इतके आढेवेढे घेतले, कारण आईनं मला शपथ घातली होती. तिचे डोळे जातायत. बाजूचं दिसणं तर गेलंच आहे. कपाटाच्या उघड्या दारावर आपटून कपाळाला टाके पडले, तेव्हा तुला पाय घसरला म्हणून सांगितलं. आता मधलं तेवढं दिसतं, दाराच्या फटीतून दिसावं तसं. डॉक्टर म्हणाले, बहिरेपण आणि हे एकाच मुळातलं, यावर औषध नाही, उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल.

व्हिडिओ कॉलवर तू अजून हात खालीच ठेवतोस, कॅमेऱ्याबाहेर. तिला नुसता तुझा चेहरा दिसतो. ती मान डोलावते, हसते आणि फोन ठेवल्यावर मला विचारते, काय म्हणाला? मला तरी कुठे दिसलेलं असतं! मी मनाचंच काहीबाही सांगते.

दिसेनासं झालं की कॉलही संपले. जो तिच्या शेजारी बसेल, त्यालाच तिच्याशी बोलता येईल. त्यासाठी एक ताई शिकवायला येतात. त्यांना स्वतःलाही दिसत नाही आणि ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या हातांवर आपले हात ठेवायचे आणि समजून घ्यायचं. हात उंच धरले तर खांदे भरून येतात, म्हणून खुणा लहान करायच्या, मांडीवर टेकून. मला काही जमेना. माझे हात सुसाट सुटतात, तिचे मागे राहतात. शेवटी मला रडूच फुटलं. आईचे हात माझ्या हातांवर होते, तिला लगेच कळलं. म्हणाली, "तू शीक हळूहळू. दादाला शिकावं नाही लागणार. तो लहानपणापासून असाच बोलतो."

टोमणा नव्हता रे तो. टोमणा असता तर मी सहन केला असता. ती खरंच खूश होती, तुझं एक काम वाचलं म्हणून.

ती तुला ये म्हणणार नाही. म्हणून मी म्हणते, ये. आणि आलास की लगेच जवळ येऊ नकोस. लांबचं माणूस तिला त्या फटीतून अजून अख्खं दिसतं. मी तिला दारात उभी करते. तू रस्त्याच्या पलीकडे थांब आणि हात डोक्याच्या वर नेऊन तिला विचार, जेवलीस का. सगळा रस्ता बघत राहिला तरी चालेल. एकदाच विचार, पण मोठ्यानं विचार. त्यानंतर आयुष्यभर मांडीतच बोलायचंय.

येताना काही आणू नकोस. दोन्ही हात मोकळे हवेत.

तुझीच,
टकळी