जोडव्याखालचा डाग

अण्णा, काल मी वहिनींच्या पायातली जोडवी उतरवली, दादा जिवंत असताना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. खोबरेल चोळून ओढत होते तेव्हा त्या रडत होत्या. "वन्सं, अहो, हे आहेत ना अजून!" मी म्हटलं, "आहे की. ओटीवर चहा पितोय. त्याला काही होत नाही, तुम्हाला होतंय." उजव्या जोडव्याखाली चिंचोक्याएवढा काळा डाग निघाला, कडा वेड्यावाकड्या. दुपारच्या मोटारीने आम्ही घाट उतरलो.

आईचाही तिथेच होता. मी कॉलेजच्या सुट्टीत जव्हारला आले होते. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "चांदी उतरलीय. रिठ्याने घास." ती घासते आहे, न्हाणीच्या दगडावर बसून, रोज, रक्त येईपर्यंत. संस्थानच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. "जोडवी काढा, मला बोट नीट पाहू द्या." तुम्ही दारातून हललाच नाहीत. "मी मेल्यावर काढेल ती." पुढे तिच्या जांघेत गाठ आली, आणि ती तुमच्या आधी गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, "अहेव गेली, भाग्याची." कुणाचं भाग्य, असं मी विचारलं, तर म्हणालात, "हे शिकवतात कॉलेजात?"

आज मुंबईच्या डॉक्टरांनी वहिनींचं बोट भिंगाखाली धरलं. काळ्या डागातून वाढणारा कर्करोग, म्हणाले. पूर्वी नुसता डाग खरवडत नाहीतर जाळत, तो परत येई. आता भोवतीच्या चांगल्या मांसासकट बोटच काढतात, लागलं तर जांघेतल्या गाठीही, आणि काढलेलं सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. वहिनींच्या जांघेत अजून काही हाताला लागत नाही. खात्री देत नाही, म्हणाले, पण वेळेवर आणलंत. 'वेळेवर' या एका शब्दाने मला तुमचा फार राग आला. उद्या सकाळी बोट काढतील. दादाने सही केली. तुमचा मुलगा, पण केली.

कुणाला काय दिलं ते लिहून ठेवते. दादाच्या हातात, वहिनींची चांदीची जोडवी, एक जोड, उजव्या पायातलं ओढताना वाकलेलं. त्याने रुमालात बांधून खिशात ठेवली. आईची तुम्ही मला दिली होतीत, ती मात्र कुणालाच दिलेली नाहीत. ट्रंकेत पार काळी पडली आहेत. मी घासत नाही.