कोठार ते शेड

माय, माझं काम नक्की काय आहे ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू होतीस तोवर मी ‘कॉम्प्युटरचं’ एवढंच म्हणायचे आणि तूही शेजारणीला तेच सांगायचीस. तू जाऊन आता बारा वर्षं झाली. माणसासारखी उत्तरं देणारी यंत्रं सगळ्यांच्या फोनात आली आहेत. त्यांना एकेका उत्तरासाठी कोट्यवधी आकडे लागतात. आकडे साठवलेले असतात एका चिपमध्ये आणि आकडेमोड होते दुसऱ्या चिपमध्ये. गंमत अशी, की खुद्द आकडेमोडीला वीज थोडी लागते, आकडे नेण्या-आणण्यातच जास्त जाते. आम्ही इथं पुण्यात अशी मेमरी चिप तयार करतोय, जिच्यात आकडे जिथं ठेवलेत तिथंच गुणाकार-बेरीज होईल. हेलपाटे बंद. हे कुणाला समजावून सांगताना मला दर वेळी तुझे गुडघे आठवतात.

तेरखेड्याच्या माळावरचा फटाक्यांचा कारखाना. दारूचं कोठार एका टोकाला, तुमची भुईनळे भरायची शेड दुसऱ्या टोकाला, मधे मुद्दाम मोकळी सोडलेली जमीन. दारात तू ठिणगी नको म्हणून जोडवी काढून पदराच्या गाठीत बांधतेस, प्लास्टिकचं घमेलं घेऊन कोठाराकडे जातेस, तळाशी राहील एवढीच दारू आणतेस, भरतेस, संपली की पुन्हा उठतेस. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीला आलेली. तुझा डबा घेऊन यायचे आणि शेडबाहेर बसून तुझे हेलपाटे मोजायचे. एकदा दुपारपर्यंत बावीस झाले. उठताना तू गुडघ्यावर हात दाबायचीस. मला त्या मधल्या मोकळ्या जमिनीचाच राग यायचा. मग एके दिवशी तुम्ही सगळ्या बाया लिंबाखाली जेवायला बसलात, कोठारावरचा माणूस पाणी प्यायला गेला, आणि मी दारूचा भरलेला डबा उचलून तुझ्या पाटाशेजारी आणून ठेवला. पायात चप्पल तशीच होती. तुझा दिवसभराचा त्रास वाचवला, याचं मला कौतुक वाटत होतं.

जेवून आल्यावर तू डबा पाहिलास, मग माझ्याकडे पाहिलंस. ओरडली नाहीस. तेवढ्यात मुकादम आला.

“ह्यो डबा हितं कुणी आणला?”

“म्याच आणला,” तू म्हणालीस. “गुडगं लई दुखत हुतं.”

“मावशी, इतकी वर्सं झाली, तुमाला अजून सांगावं लागतंय व्हय? समद्यांस्नी उडवता का?”

मी दारातच उभी होते. दुसऱ्या दिवसापासून तुला लेबलं चिकटवायला बसवलं. तू भरलेला भुईनळा सरळ वर उठायचा, मधे कधी गचका खायचा नाही. मुकादमच नव्या बायांना तुझा हात बघायला पाठवायचा. त्या दिवसानंतर तू दारूला हात लावला नाहीस. त्या संध्याकाळी घरी येताना एवढंच बोललीस, “ठिवायची जागा येगळी, कामाची येगळी. ठिणगीला काय म्हाईत, कुणाचं गुडगं दुखत्यात ते.” बैठ्या कामानं तुझे गुडघे जरा बरे झाले. बरंच झालं की, असं म्हणत मी पुढं कित्येक वर्षं स्वतःची समजूत काढली. तुझ्याशी मात्र त्यावर कधी बोलले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या चिपची चाचणी होती. चिपचे लहान लहान भाग केलेत आणि एका वेळी त्यातले थोडेच चालवायचे असा नियम आहे, कारण सगळे एकदम चालले तर चिप तापते आणि साठवलेले आकडे बिघडायला लागतात. नियम मीच लिहिलेला. पण वेळ वाचवायला मी सगळे भाग एकदम सुरू केले. आकडे बिघडले, सगळ्यांची आठवडाभराची मेहनत वाया गेली. म्हणजे साठवण आणि काम एका जागी आणलं तरी मधे थोडी मोकळीक लागतेच, हे मला मान्य करावं लागलं. तू हसली असतीस. बैठकीत साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? माझ्या हाताखाली एक मुलगी आहे, आपल्याच भागातली, लोहारा गावची, कामाला पक्की. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “सर, बहुतेक माझ्याकडूनच झालं असेल.” मी म्हणाले, “नाही. मी केलं.” साहेबांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. इतकं सोपं होतं ते.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ती बोलली आणि मी बोलले, त्याच्या मधे मी गप्प होते. फार नाही, तुला घमेलं उचलायला लागायचा तेवढाच वेळ. तेवढ्यात माझ्या मनात येऊन गेलं, की बोललीच आहे ती, तर राहू दे. बैठकीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तू असतीस तर तुझ्या लक्षात आलं असतं.