थडग्यावरचा झरोका

बाई, रविवारी इथे टेक्सासात अर्विंगला तुमच्या लेकीकडे जेवायला गेले होते. मी इथे इतिहासात मास्टर्स करते हे कळल्यावर ताईनंच फोन करून बोलावलं. तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. शाळा सुटलीय, मी ओट्याशी बसलेय आणि तुम्ही मेथी निवडता निवडता रोमची ती बॅसिलिका सांगताय. एका संताचं थडगं, त्यावर आधी छोटंसं स्मारक. मग सम्राटाला बरोबर तिथेच मोठं चर्च हवं होतं, म्हणून टेकडी कापली, आजूबाजूचं कबरस्तान मातीनं बुजवलं.

"जागा थोडी सरकवायची ना," मी म्हणते.

"थडगं कसं सरकवणार गं?" तुम्ही हसता.

लांबून आलेली माणसं वरच्या झरोक्यातून फडकं खाली सोडायची आणि थडग्याला टेकलेलं ते फडकं जपून घरी न्यायची. तुम्ही एवढं सांगितलंत आणि फोन वाजला. ताईचा, हॉस्टेलवरून. गोष्ट तिथेच राहिली. पुढचं मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, ती तुमच्या त्या ओट्यामुळे. तरी त्या ओट्यावरची लिंबाच्या लोणच्याची मोठी बरणी ताईच्या नावाची होती. ती सुट्टीला आल्याशिवाय तुम्ही झाकण उघडत नव्हतात. मला लहान बरणीतलं. तेच लोणचं, पण मला ते कमी आंबट लागायचं.

परवा भात वाढताना ताई म्हणाली, "तुझी मजा होती यार. आईच्या सगळ्या संध्याकाळी तुला. मला रविवारी दहा मिनिटं फोन." मग हातातली पळी तशीच धरून तिनं विचारलं, "माझं काही बोलायची का गं कधी?"

"फारसं नाही, ताई. अभ्यासच असायचा."

"हं. टिपिकल आई," असं म्हणून तिनं माझ्या भातावर जास्तीचं तूप घातलं.

इथे वर्गात मी तावातावानं बोलते, इतिहास सगळ्यांसाठी उघडा असला पाहिजे म्हणून. आणि ताईनं तो प्रश्न विचारून फडकं खाली सोडलं तेव्हा झरोका मीच लावून घेतला. या रविवारी तिनं पुन्हा बोलावलंय. बरणीचं सांगायला हवं, हे मला कळतं. पण बाई, ते सांगितलं की तुम्ही पुन्हा तिच्याच होणार.