मिकचा खर्ज

२२ ऑगस्ट २०२०
आरतीचा आवाज कुंपणापलीकडे गेला वाटतं. शेजारचा आयरिश डेक्लन मोदक घ्यायला आला आणि त्याने थेट विचारलं— "तो सगळ्यात खालचा आवाज कुणाचा?" पूर्णिमाने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. बायको म्हणावी की वैरीण!

त्यांच्या डू-वॉप ग्रुपमध्ये खर्ज लावणारा मिक. मार्चमध्ये त्याला स्ट्रोक झाला, वाचा गेली. "तो परत येईपर्यंत त्याच्या जागी उभा राहशील?" हो म्हणालो. "ग्रँड. रविवारी ये." डू-वॉप म्हणजे काय, ते तो गेल्यावर यूट्यूबवर पाहिलं: एक जण गातो, बाकीचे तोंडानेच साथ देतात, आणि सगळ्यात खाली खर्जवाल्याचा 'डुम डुम'.

३० ऑगस्ट
पहिली तालीम. डेक्लनच्या परसात, दोन-दोन मीटरवर उभे.

इतिहास कळला. १९६१ साली इथल्या, ॲथलोनच्या कापडगिरणीतले पाच जण जिन्यात गायला लागले, तिथे आवाज छान घुमायचा म्हणून. वाद्य एकही नाही, सगळं गळ्यावर. पण हॉलवाल्यांना हवे होते नाचाचे मोठे बँड. मग बँडवाले चहाला गेले की तेवढ्यात हे गाणार! त्या पाचांतला नोएल म्हणाला, "आमची सगळी करिअर म्हणजे एक कप चहा." पाचातले दोघं वारले. त्यांच्या जागी आता नोएलच्या मुली गातात.

यांची एक पद्धत आहे. पहिला सूर खर्जवाल्यानेच द्यायचा, मगच बाकीचे तोंड उघडणार. पट्टी वगैरे कुणी विचारत नाही. मी घाबरून खिशातल्या फोनवर हळूच तानपुरा लावला. डेक्लन इकडेतिकडे बघायला लागला— "गांधीलमाशी आहे कुठेतरी."

६ सप्टेंबर
तानपुरा घरी. सूर दिला. जरा चढाच लागला बहुतेक. पण सगळे निमूट माझ्यामागून आले. इतका मान ऑफिसात कधी मिळाला नाही.

२२ ऑक्टोबर
पुन्हा लॉकडाऊन. झूमवर गाऊन पाहिलं. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचतो. तन्वी शेजारच्या खोलीतून— "बाबा, दॅट्स ब्रुटल."

१७ जानेवारी २०२१
कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो. मिक बरा व्हावा असं वाटतं. आणि तो परत येऊ नये असंही वाटतं. ऑफिसचा दिवस कसाही जावो, तो 'डुम डुम' लावला की मी ठीक होतो. पुण्यात कधी गायलो नाही, आणि इथे ॲथलोनमध्ये येऊन हे वेड लागलं.

९ मे
सुपरमार्केटमध्ये मिकची बायको ब्रीडा भेटली. तो आता चालतो. पण शब्द एकही नाही. "माझं नावसुद्धा नाही," म्हणाली आणि ट्रॉली ढकलत राहिली.

संध्याकाळी डेक्लन कुंपणापाशी आला. "आता तूच कायमचा. पण हे मिकला त्याच्यासमोर गाऊनच सांगायचं. फोनवर नाही." बरोबर आहे. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. पूर्णिमाने शिरा केला. तो मात्र मी लाज न बाळगता दोनदा घेतला.

१२ जून
आम्ही सगळे मिकच्या बागेत गेलो. तो खुर्चीत बसला होता. मी सूर द्यायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला थांबवलं. आणि स्वतः दिला. डुम, डुम, डुम. खर्जाला शब्द लागतातच कुठे! सगळे त्याच्यामागून गायला लागले. ब्रीडा माझा दंड घट्ट धरून रडत होती. माझी जागा गेली. इतका खूश मी अख्ख्या वर्षात झालो नव्हतो.