नाशिकला ८१ गुण

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
नवी वही. निर्णय झाला. पुणे सोडायचं.

कुसुम नोव्हेंबरपासून हडपसरपलीकडे मांजरी गावात आहे, स्पृहाकडे. मुलीचं बाळंतपण म्हणून गेली. बाळ आता अडीच महिन्यांचं, ठणठणीत. पण कुसुम परत यायचं नाव काढत नाही. काल फोनवर विचारलं, कधी येतेस? म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' हा शब्द मी वापरतो.

कारण उघड आहे. शनिवार पेठ. खाली मोटरसायकली, वर धूळ, समोर पार्किंगवरून रोज भांडणं. कोणीही कंटाळेल. तिला हिरवळ हवी, मला वाचनालय आणि जवळ हॉस्पिटल. दोन्ही असलेलं शहर शोधायचं आणि तिला सरप्राइज द्यायचं. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. मी नाही निवडणार तर कोण?

५ फेब्रुवारी, बुधवार
तक्ता तयार. एकूण १०० गुण. हवा २०, झाडं २०, हॉस्पिटल २०, वाचनालय १५, भाजी १०, शेजार १०, बस ५. तीन रंगांची पेनं वापरली. उमेदवार: सातारा, कोल्हापूर, नाशिक.
संकल्प: मार्चअखेर मुक्काम हलवणे.
भात करपला. तांदूळ बदलला पाहिजे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
खालच्या मजल्यावरच्या पुष्करला तक्ता दाखवला. कोचिंग क्लास चालवतो, त्याला मार्कांचं कळतं. म्हणाला, "काका, काकूंना विचारलंत का?" म्हटलं, सरप्राइज आहे. "कोणाला, त्यांना की तुम्हाला?" पुण्यात कौतुक करायची पद्धतच नाही. हा मुद्दा 'शेजार'मध्ये नोंदवला.

१६ फेब्रुवारी, रविवार
सातारा. स्टँडवरून निघाल्यापासून चढ. गुडघ्यांनी आक्षेप घेतला. डोंगर सुंदर, झाडं १८. वाचनालय बंद, रविवार. शून्य. एकूण ५८. नापास नाही, पण आपल्यासाठी नाही.

दुपारी एका खाणावळीत थालीपीठ खाल्लं. कुसुमच्या हातचं नव्हे. हे तिला सांगावंसं वाटलं, म्हणून फोन केला. ती बाळाला आंघोळ घालत होती, मागे पाण्याचा आवाज. मी साताऱ्यात आहे हे अर्थात सांगितलं नाही. कुठून बोलताय, असं तिनंही विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
स्पृहाचा फोन. कुंड्यांचा विषय काढला. तो विषय कधीच संपलाय, तरी एकदा लिहून टाकतो. डिसेंबरात बिल्डिंगवाल्यांनी गळती काढायला गॅलरी रिकामी करायला सांगितली. मी कुंड्या देऊन टाकल्या. एकतीस. कुसुम बाळात गुंतलेली, तिला फोन करून त्रास कशाला? झाडं काय, पुन्हा लावता येतात.

स्पृहा म्हणाली, "बाबा, संक्रांतीला आई दोन दिवस राहायला म्हणून घरी आली होती. आल्या आल्या गॅलरीत गेली. तिथे नुसतीच उभी होती. तू आतून चहा मागितलास." मला तो चहा आठवतो. चांगला झाला होता. कुसुम त्याच संध्याकाळी मांजरीला परत गेली. बाळाला सर्दी झाली असेल, असं मी धरून चाललो होतो.

तात्पर्य: कुसुमला निसर्ग हवा आहे. म्हणजे माझं निदान पहिल्यापासून बरोबर होतं. झाडांचे गुण २० चे ३० केले. त्यासाठी वाचनालयाचे पाच आणि हॉस्पिटलचे पाच कापले. त्याग माझाच.

२ मार्च, रविवार
कंबर धरल्यामुळे कोल्हापूर रद्द. काल थेट नाशिक. पुष्करच्या मावसभावाकडे उतरलो.

८१!

बजरंग नावाच्या एजंटनं फ्लॅट दाखवला. दुसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, कडुनिंबाची फांदी कठड्याला टेकलेली. वाचनालय दहा मिनिटांवर. बजरंग म्हणाला, "मॅडमना कधी आणताय बघायला?" म्हटलं, गरज नाही, त्या माझ्या पसंतीबाहेर नाहीत.

बाल्कनीत पावलं टाकून मोजलं. कुंड्या बारा बसतील. दाटीवाटीनं लावल्या तर पंधरा. एकतीस नाहीत. पुन्हा मोजलं. पंधराच.

९ मार्च, रविवार
तक्ता आणि फ्लॅटचे फोटो घेऊन मांजरीला गेलो. स्पृहानं दार उघडलं, बाळ खांद्यावर. म्हणाली, "आई तिच्या घरी आहे." म्हटलं, कुठलं घर? तिनं खाली बघून सांगितलं, बी विंग, चौथा मजला.

एक खोली, एक स्वयंपाकघर. कुसुमनं स्वतःच्या नावानं भाड्यानं घेतलंय, एक तारखेपासून. बाल्कनीतून उसाचं शेत दिसतं, पलीकडे नव्या इमारतीची क्रेन. तिनं चहा केला. पाहुण्यांना देतात तसा, बशीत बिस्किटं मांडून.

मी तक्ता समोर ठेवला. चष्मा लावून तिनं सगळा वाचला, बेरीजसुद्धा तपासली. म्हणाली, "अक्षर अजून छान आहे तुमचं." मग विचारलं, "नाशिकला आपलं कोण आहे?" म्हटलं, मी असेन की. तिनं तक्त्याची घडी घातली.

नंतर म्हणाली, "अहो, मी येणार नाही. नाशिकला नाही आणि घरीही नाही." म्हटलं, कुंड्यांचा राग अजून आहे का? म्हणाली, "नाही हो. राग असता तर भांडायला आले असते. इतकी वर्षं येतच होते की."

म्हटलं, तू कधी बोलली नाहीस. ती कप उचलून आत गेली. आत नळ चालू झाला. कप दोनच होते, तरी बराच वेळ चालू होता.

निघताना लिफ्टपर्यंत आली. स्वारगेटची बस कुठे मिळेल ते सांगितलं, गुडघ्याच्या गोळीची आठवण केली. म्हणजे काळजी आहे. आशेला जागा आहे.

१५ मार्च, शनिवार
दुपारभर विचार केला. मांजरीलाही तक्त्यात घेतलं. झाडं, शेत, बाजार, हडपसरची हॉस्पिटलं, सगळं धरून ८८. कुसुमनं एक रकाना न भरता अचूक निवडलं, मानलं पाहिजे.

ताबडतोब स्पृहाला फोन केला. म्हटलं, तुमच्या सोसायटीत माझ्यासाठीही एखादा फ्लॅट बघ, ए विंग चालेल, सी चालेल. मागे बाळ रडत होतं, त्याला तिनं आधी शांत केलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, नको ना."
म्हटलं, बरं.

१९ मार्च, बुधवार
सकाळी बजरंगचा नाशिकहून फोन. फ्लॅट अजून तसाच आहे, दुसरी पार्टी मागे लागलीय, काय ठरलं साहेब?

म्हटलं, घरी विचारून सांगतो.

फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाकही मारली, "अगं, ऐकलंस का?"

उत्तराची वाट पाहिली. बरीच.